कमी पडलेले चाळीस मीटर

महाल, नागपूर
३ डिसेंबर १९६८

तीर्थस्वरूप शोभाताईस धाकट्या रुपरावचा साष्टांग दंडवत.

तुझे गुडघे अन् भाऊजींचा खोकला दिल्लीच्या थंडीत कसे आहेत? आम्ही इथं मजेत. तुझं पत्र पावलं. जयाचं पळणं बंद कर अन् रविवारी भिवापूरची मंडळी पाहायले येऊन राहिली, त्यांच्यापुढे तिले नीट उभी कर, हे तुझं म्हणणं सोळा आणे बरोबर. बापाच्या नादापायी पोरीचं नुकसान होऊ नये, हे मलेही कळते वं. ड्रिलमास्तर झालो म्हणून काय अक्कल गहाण ठेवली?

पण हा नाद लागला तुझ्याच घरी. एक्कावन्न साली नॅशनल स्टेडियमात पहिले आशियाई खेळ झाले, तेव्हा तूच मले बोलावलं होतं. (इंग्रजानं तेहतीस साली बांधलं तेव्हा त्याले आयर्विन साहेबाचं नाव होतं. हा इतिहास मी दरवर्षी वर्गात सांगतो अन् पोरं दरवर्षी जांभया देतात.) तिथली पळायची वाट पाहून मी ठरवलं, अशीच आपल्या शाळेत आखायची. आखली सतरा वर्षांनी, म्हणजे यंदा.

टेप नव्हता. विहिरीचा दोर कापडवाल्याच्या पट्टीनं बरोबर वीस मीटर मोजला. पण आखणीच्या दिवशी सकाळी सुमतीनं (आमच्या मंडळीनं) त्याच दोरानं पाणी शेंदलं. ओला दोर आकसते, हे मले काय माहीत? त्या आखडलेल्या दोरानं मी चारशे मीटर आखले, जया पळाली, अन् घड्याळ पाहून मी मैदानातच नाचायले लागलो. राज्याचा विक्रम! हार, पेढे, बँड. अख्ख्या महालातून मिरवणूक निघाली, मी सगळ्यांच्या पुढे छाती काढून. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आनंदराव साखळी घेऊन आले. मोजलं तर चाळीस मीटर कमी! (सहा पेढे खाऊन गेलेला माणूस, पण दयामाया नाही.) मी तर चार दिवस गल्लीत तोंड दाखवलं नाही.

जया मात्र म्हणाली, "बाबा, काहून रडून राहिले? उरलेले चाळीस आखा ना." आखले. ती पूर्ण चारशे पळाली. विक्रम गेला, पण महिन्याभरानं जिल्ह्यात पहिली आली अन् दिल्लीच्या शाळकरी शर्यतींत तिचं नाव लागलं. खरं सांगतो ताई, मिरवणुकीच्या दिवशीही मले इतका आनंद झाला नव्हता. असो. तू म्हणशील तसंच होईल. तुझा शब्द मी कधी मोडला का?

तुझा आज्ञाधारक,
रुपराव

ता. क. शर्यत नॅशनल स्टेडियमातच आहे, अन् नेमकी रविवारीच. पोरगी गावाले गेली, असं भिवापूरले कळवून टाकलं.

ता. क. दुसरा. पाकिटावर तिकीट नाही, हे तू पाहिलंच असशील. पत्र हाती देऊन दारात उभी आहे ती जयाच. संगतीले शाळेच्या यमुताई आहेत. दोघींले आत घे वं, रात्रभर गाडीत बसून आल्या. राग काढायचा तर माझ्यावर काढ, मी लांब आहे. अन् रविवारी तिच्यासंग जा ताई. एवढ्या मोठ्या मैदानात पोरीले नावानं हाक मारणारं आपलं कोणीतरी पाहिजे.