किनाऱ्यावरच्या नऊ खोल्या

सोमवार, ३
पहिली नोकरी, पहिला दिवस! माझ्या टेबलावरून समुद्र दिसतो. किनाऱ्यावर येणाऱ्यांसाठी संडास, शॉवर आणि कपडे बदलायच्या खोल्या बांधून होत आल्यात. त्यांची मापं नकाशाशी ताडून बघायची आणि बांधकाम नकाशाप्रमाणे झालंय अशा दाखल्यावर सही करायची, हे माझं काम. आई फोनवर म्हणाली, सही करताना घाई करू नको गं. आमच्या घरात सही करणारी मी पहिलीच, बाकी सगळे अंगठे.

मंगळवार, ४
नकाशात कपडे बदलायच्या खोल्या नऊ. जागेवर दहा. पुन्हा मोजल्या, दारांवर खडूने आकडे घातले. दहावीच्या कडीवर लाल खूण, म्हणजे आत कोणीतरी. मुकादमांना बोलावून आणलं तर नऊच भरल्या. ते हसून म्हणाले, मॅडम, टोपी घालत जा, ऊन बाधतं. खडूचा दहा कुठेच नाही. पुसला कोणी?

गुरुवार, ६
दुपारी एकटी गेले. दहा. नवखी म्हणून माझी फिरकी घेतायत, की काही लपवतायत? सरांना सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुलाही दहाच?"
माझ्या आधीची मुलगी म्हणे काम अर्धवट टाकून गेली. तिचे कागद पाहिले. प्रत्येक मापाखाली पट्टीने दुहेरी रेघ. ही मुलगी काम अर्धवट टाकेल?

शुक्रवार, ७
सरांनी बजावलं, उद्या दुपारपर्यंत सही, नाहीतर दुसरी नोकरी बघ. नऊवर सही केली तर ती खोटी. नाही केली तर घरी काय सांगू? दहावीच्या आतलं माप घेऊन त्यांच्यापुढे ठेवते. मग कोण नाही म्हणेल?

शनिवार, ८
दहावीची खूण आज हिरवी. आत आले. रुंदी ९० सेंटिमीटर.

कडी मी लावली नव्हती —

भिंतीवर पेन्सिलीने आकडे, एकाखाली एक. ९०. ८४. ७१. ५२. प्रत्येकाखाली दुहेरी रेघ. पुढे काही नाही.

बाहेर सर आणि मुकादम. दार बडवतेय, ओरडतेय. मुकादम दारं मोजतायत. नऊ, साहेब. सर म्हणाले, "बरोबर. तिच्या जागी मीच सही करतो."

पावलं लांब गेली.

पुन्हा टेप लावली. ८४.

७१ — पाठ टेकली तर गुडघे दाराला —

५२. कोपर हलत नाही, लिहायला फक्त बोटं —