सात नंबरच्या पाळण्यातली हडळ

जुईनगर
९ फेब्रुवारी २०२५

सौ. सत्यभामेस,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझ्या उन्नतीची हळद ठरल्याचं शेजारच्या नमिताकडून कळलं, जीव हरखला. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फाडायचा तर वाचून फाड.

आपण दोघी कामाला होतो ते पाळण्यांचं पार्क तोडायला घेतलंय. तेरा वर्षं बंद होतं. पोरं भिंतीवरून उड्या मारून आत जायची आणि मोबाइलवर सांगायची, की खऱ्या हडळीने हे बंद पाडलं. मला हसू यायचं. भूतबंगल्यात रोज सहा खेळ हडळ होणारी मीच की!

त्या रविवारी चहाला बाहेर आले, तर आकाशपाळण्यातल्या सात नंबरच्या पाळण्याच्या दांड्यावर चीर दिसली. पार्कचे साहेब म्हणाले, रंगाचा फराटा आहे. मग मी त्याच पाळण्यात जाऊन बसले, केस मोकळे, तोंडाला पांढरं फासलेलं, आणि उठलेच नाही. गर्दी पळाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दांड्याला निळा रंग दिला, पण हडळीची बातमी काही त्यांना पुसता आली नाही. माणसं यायची थांबली. तीन महिन्यांत कुलूप. तुझं कँटीनचं काम गेलं, तेव्हा तू माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, "ताय, दीडशे घरांच्या चुली इझवल्यास तू."

खरं सांगते, चीर होती की फराटा, याची मलाच खात्री नव्हती. तेरा वर्षं तेच मन कुरतडत होतं.

काल गेले. पावणे गावचा मिथुन गॅसने लोखंड कापत होता. त्याला सात नंबर दाखवला. त्याने निळा रंग खरवडला, स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं, ते आत गेलं.

"मावशी, फराटा नाय. चीर हाय. वरून रंग मारलाय, म्हंजी आधीचीच. दोन फेऱ्या पन निघाल्या नसत्या."

मी तिथेच बसून रडले, मग इतकी हसले की तो घाबरला.

आता न सांगितलेलं सांगते. त्या दिवशी सात नंबरच्या रांगेत पहिली उन्नती होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये. मला बघून तीही पळाली, मावशी ओळखू आली नाही. चीर खोटी निघाली असती, तर तू म्हणाली असतीस, हिने माझ्याच पोरीचं निमित्त केलं. म्हणून बोलले नाही.

दांड्याचा तुकडा मागून आणलाय, वीतभर. हळदीला घेऊन येतेय. बोलावलं नाहीस तरी येणार, आणि हळदीची गाणी, आपले धवले, मीच गाणार. या खेपेला केस बांधून येईन.

तुझी थोरली,
सात नंबरची हडळ,
भागीरथी