काचेच्या झाकणाची पेटी

प्रिय बाईसाहेब,

या घरात माझ्या हातचं काय काय आहे ते काल बसल्या बसल्या मनाशी आठवत होतो. तुझ्या शिलाई मशीनचं टेबल, ज्याचा खण एका बोटाने सरकतो. स्वयंपाकघरातली फडताळं. लेकीचा पाळणा, जो आता नातवासाठी तिच्याकडे गेलाय आणि अजून एकदाही कुरकुरलेला नाही (कुरकुरला तर लगेच कळव). बाथरूमच्या खिडकीची चौकट. दुकानातला तो जुना वजनकाटा, जो भंगारातून आणून मी उभा केला आणि जो आजही केसाएवढाही चुकत नाही. आणि शेवटची ती तुझ्या साखर तपासणीची पेटी. तपासणीच्या मशीनला एक खाच, बोट टोचायच्या सुईच्या पेनला एक, आणि रक्ताचा थेंब घ्यायच्या स्ट्रिपांसाठी पन्नास बारीक खाचा, प्रत्येक स्ट्रिप आपापल्या जागी ताठ उभी. वर काचेचं झाकण, मागे हवा खेळावी म्हणून दोन भोकं. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. उघडून बघायचं आणि हात चालवायचा, एवढीच माझी शाळा.

आता बातमी. गेल्या आठवड्यात एकदा सकाळी दूध घेऊन वर येताना जिन्यात आपला वरचा लॅबवाला भेटला. रिटायर झाला तरी बूट रोज चमकवतो आणि शीळ घालत उतरतो, ते तुला माहीतच आहे. मला बघून म्हणाला, “काटेवाले, वहिनींची आज एकशे अठरा! झकास!” मी म्हणालो, “माहितीये मला.” कुठली माहिती? बायको माझी, साखर तिची, आणि आकडा मला जिन्यात ऐकायला मिळतो, तोही शीळवाल्याकडून! म्हणजे लेकीकडे जाऊनही तू रोज सकाळी त्याला आकडा कळवतेस. मला फोनवर विचारतेस ते गॅस बंद केला का, एवढंच.

त्या माणसात आहे काय, सांग ना. भिंतीत खिळा ठोकता येत नाही त्याला. त्याचं घड्याळ मी टांगून दिलंय, तेही पाणसळ लावून. आणि त्याच्यापुढे तू हात कसा धरतेस, ते मी एकदा त्याच्या अर्धवट उघड्या दारातून बघितलंय. तू खिडकीकडे बघत कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाहीबद्दल बोलत होतीस. त्याने बोटाच्या कडेला टोचलं. तू विचारलंस, “झालं?” तो म्हणाला, “कधीच!” आणि तू हसलीस. माझ्यापुढे हात धरायचीस तेव्हा डोळे घट्ट मिटून, खांदे वर घेऊन बसायचीस. मी दार न वाजवता खाली आलो. त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाचा काटा दोनदा उघडून दोनदा चुकीचा बसवला. मी!

डॉक्टरांनी तुला मधुमेह सांगितला आणि घरी साखर बघत जा म्हणाले, तेव्हा ते काम मी अंगावर घेतलं. एका वजनावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही. काटा तपासायचा तर वजन तीनदा ठेवायचं, तिन्ही वेळा तोच आकडा आला तर काटा खरा. म्हणून रोज तुझी तीन बोटं. एकदा एकशे बेचाळीस, लगेच एकशे एक्क्याऐंशी, मग एकशे सव्वीस. मशीन बदलून आणलं, तरी तेच. मग माझा संशय तुझ्यावर गेला. रोज संध्याकाळी मी साखरेचा डबा दुकानातल्या छोट्या काट्यावर ठेवून बघायला लागलो. तू ते पकडलंस आणि म्हणालीस, “अहो, आता डब्यालाही मधुमेह झाला का?” मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मशीन पदराखाली घेऊन वर गेलीस. पेटी ओट्यावरच राहिली, शेगडीशेजारी, तिच्या जागेवर. ती तशी उभी बघून मला काय वाटलं ते राहू दे.

तर त्या एकशे अठराने माझं डोकं फिरलं. म्हटलं, लॅबवाल्याचा आकडा खोटा पाडतोच. तसलंच दुसरं मशीन आणलं, स्ट्रिपांची नवी सीलबंद बाटली आणली आणि दुकानात बसलो. रक्त माझं. बाटलीतल्या स्ट्रिपवर एकशे चार. पेटीतल्या स्ट्रिपवर एकशे सदुसष्ट. परत बाटलीतली, एकशे सहा. परत पेटीतली, एकोणनव्वद. तिसरीला मशीनने आकडाच दिला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशीही. बोटाच्या मऊ भागात मधोमध सुई घुसते तेव्हा काय होतं ते मला आता कळलं. स्क्रू ड्रायव्हर धरवत नाही. तुला दिवसभर त्याच बोटांनी काजं करायची असायची, आणि तू एकदाही बोलली नाहीस.

मग मी ते केलं जे जन्मात कुठल्या मशीनबरोबर केलं नाही. खोक्यातला माहितीचा कागद वाचला. बारीक अक्षरात लिहिलंय की स्ट्रिपा बाटलीतच ठेवाव्यात आणि झाकण ताबडतोब लावावं, दमट हवा लागली की त्या बिघडतात. आणि मी त्यांना ओळीने उभं करून, शेगडीच्या वाफेशेजारी, मागे दोन भोकं पाडून ठेवलं होतं.

काल वर गेलो. त्याने चहा विचारला, मी नको म्हणालो. विचारलं, पेटीचं तुम्हाला केव्हा कळलं? तो बुटांकडे बघत म्हणाला, “पहिल्याच दिवशी. मी वहिनींना बाटली वापरायला सांगितली. पण वहिनी म्हणाल्या, पेटीबद्दल तुम्हाला काही सांगायचं नाही. मी शब्द दिला होता.” झालं! म्हणजे तुझं आणि त्याचं एक गुपित आहे, आणि ते मला जपण्यासाठी आहे. एवढा राग मला त्या हसण्याचाही आला नव्हता. मला जपायचंच होतं तर त्यात त्याचा शब्द कशाला लागतो?

हे फोनवर सांगितलं असतं, पण लेक स्पीकर लावते आणि जावई ऐकतात. म्हणून पत्र. पेटीतल्या स्ट्रिपा टाकून दिल्या. खाचांत तुझ्या शिलाई मशीनच्या सुया बसतात, बसवून बघितल्या. परत आलीस की एक सकाळ मला दे. बोटाची कड, एकच बोट, एकदाच. खिडकीकडे बघ, बाहीबद्दल बोल, जे त्याच्याशी बोलतेस ते बोल. नाही जमलं तर खुशाल वर जा. पण तोवर आकडा आधी मला कळव, मग त्याला. आणि आणखी एक. मागे पेटी हातात घेऊन दहा वेळा उघडझाप करणारा औषधाच्या दुकानाचा मालक तुला आठवत असेल. तो गुरुवारी दुकानात आला होता. तश्शाच पन्नास पेट्या हव्यात म्हणाला, प्रत्येक पेटीवर पितळी पट्टीत माझं नाव. मी नको म्हणालो. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, म्हणून त्याने आकडा वर नेला. नको का म्हणालो, ते मी त्याला सांगितलं नाही, लॅबवाल्यालाही सांगितलं नाही, सांगतोय ते तुलाच. पन्नास पेट्या, वर माझं नाव, रोख तीस हजार. नको म्हणालो.

तुझाच,
काटेवाला