दाजींच्या दारातली म्हैस आणि गुंडप्पाच्या काखेतले पातळ

लोहारा, जून १९६१

तीर्थस्वरूप वीरप्पा दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा शांतलिंग याचे शरणार्थ. अक्काची कंबर आता कशी आहे? आपला खोकला उन्हाने हटला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. जे क्षेम नाही तेवढेच खाली सविस्तर लिहितो.

आपणांस एक कोडे पडले असेलच. सोलापुरात, आपल्या दारात एक म्हैस रेडकासह बांधलेली आहे. शेजारी आमच्या शेतावरचा गडी गुंडप्पा उभा आहे, आणि एवढ्या भरघोस मिशांच्या या गृहस्थाच्या काखेत एक जांभळे पातळ आहे. (पत्र त्याच्या पटक्यात होते. पण आधी म्हैस बांध आणि मग पत्र दे, असे मी त्यास बजावले होते. प्रश्न पडण्याआधी उत्तर देणे शिक्षणशास्त्रास धरून नाही.) आपण पायरीपायरीने जाऊ. म्हैस प्रथम घेऊ.

अक्काची भाची, म्हणजे आमची जगदेवी, मॅट्रिक झाली आणि तिने विज्ञान शाखेचा हट्ट धरला. मास्तरच्या पगारातून यासाठी काही निघण्यासारखे नव्हते. गोठ्यात दोन म्हशी. दुसरीवर घर चालते, म्हणून एक उमरग्याच्या बाजारात विकायची, आणि अर्ज, प्रवास, फी, राहणे, जेवणे हे सारे त्या एका म्हशीत बसवायचे, असे ठरले. मी शाळेतला जुना फळा घरी आणून ओसरीत उभा केला. डावीकडे गावे लिहिली, वर खर्चाचे रकाने पाडले आणि एकेक गाव गाळू लागलो. हैदराबाद परराज्यात गेले म्हणून गळले. (आमच्या आप्पांच्या मते सरकार अजून तिथेच आहे. त्यांना राज्यांची नवी रचना समजावण्यात माझी एक दुपार गेली, आणि शेवटी ते म्हणाले, "आसंल, पन मला कुणी इचारलं न्हाय.") औरंगाबाद आणि अंबाजोगाई राहण्याच्या खर्चात गळली. उरले सोलापूर. तेथे आपण आणि अक्का आहात, म्हणून राहणे-जेवणे या रकान्यात मी एक सुबक शून्य काढले आणि समाधानाने हात झटकले. इतके स्वच्छ उत्तर माझ्या वाट्याला क्वचितच आले आहे.

आप्पांना वाचता येत नाही, पण शून्य ओळखता येते. काठीने ते दाखवून त्यांनी विचारले, "ह्यो गोल कशाचा?" मी उत्साहाने समजावले. ते मटकन खाली बसले. "शांत्या, लेक दिली त्या घरात म्या आजवर पानी न्हाय पिलो. अन् तू नातीला सालोसाल फुकट जेवाया बसवतूस व्हय?" (आप्पा आपल्याकडे येतात तेव्हा दशम्यांबरोबर पाण्याची कळशीही बसमधून आणतात, हे आपण पाहिलेच आहे.) जिथे लेक दिली तिथे द्यायचे असते, तिथून घ्यायचे नसते. तेव्हा नात तिथे जेवणार असेल, तर तिच्या घासापेक्षा मोठे काही आधी पोचले पाहिजे, असा निवाडा झाला. प्रथम ज्वारीचे पोते निघाले. मग ते हलके वाटून तूरडाळ आली. मग तुपाचा डबा. शेवटी आप्पा म्हणाले की डबा संपतो, म्हैस संपत नाही.

दाजी, मी फळ्याकडे पाहिले. शून्याच्या जागी एक संपूर्ण म्हैस उभी होती. सर्वांत स्वस्त ठरलेल्या कॉलेजने अर्ज करण्याआधीच सगळी फी खाल्ली होती. मी अजून सावरलेलो नाही. जगदेवीची आई चन्नम्मा मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "मास्तर, फळा आता गोठ्यात ठिवा. तितं जागा झाली हाय."

म्हैस परत पाठवू नये, ही विनंती. परत आली तर आप्पा तो अपमान समजतील आणि जगदेवीचे कॉलेज चुलीपाशी संपेल. बाकी या पत्रात काहीही मागणे नाही, केवळ खुलासा आहे.

आपला आज्ञाधारक,
शांतलिंग

ता. क. – मागणे एवढेच, की कॉलेजातून विज्ञान शाखेचा अर्ज आणून महिनाअखेरच्या आत फी आपणच भरावी आणि दुधातून ती वळती करून घ्यावी. आप्पांच्या कानावर हे जाऊ नये. नाहीतर ते दुसरी म्हैस सोडतील.

पुन्हा ता. क. – पातळ राहिलेच. दोहोंपैकी हीच म्हैस द्या, असे आप्पांना जगदेवीने सुचवले. ही तिची लाडकी, म्हणून तिचा त्याग पाहून माझे डोळे भरून आले. पण गुंडप्पा निघायच्या तयारीत असताना तिने आपले पातळ त्याच्या हाती दिले आणि वाटेत धारा काढताना नेसायला सांगितले, कारण ही म्हैस तिच्यावाचून कोणाला पान्हा सोडत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी ओट्यावर बसून हे पत्र लिहायला घेतले. गुंडप्पा पातळासकट आजच परत निघेल. माझ्यावर विश्वास नसल्यास प्रयोग सोपा आहे. उद्या पहाटे चरवी घ्या, रेडकू लावा, आणि आपल्या धोतरानिशी म्हशीखाली बसा. चरवीत एक थेंब जरी पडला, तर अर्ज आणायला जाऊ नका.