छत्रीत न उतरलेलं पत्र

निफाड, २४ फेब्रुवारी २००३

ती. सौ. आशाताईस,
गोरक्षचा सा. न. वि. वि.

आपल्या नेट-कॅफेवर अखेर सॅटेलाइटची छत्री चढली. आता मागणी फोनच्या तारेवरून जाते आणि पान थेट आकाशातून उतरतं. म्हणजे उतरेल, असं छत्री बसवणारा एजंट म्हणाला होता. काल दुपारी वारा सुटला, छत्री जराशी कलली आणि सगळंच ठप्प. मोडेमवर फोटो उघडायला अर्धा तास लागायचा, पण पत्र तरी यायचं. एजंटच्या सांगण्यावरून नुसत्या मोडेमवर चालणारं ते जुनं कनेक्शन मी बंद करून बसलोय.

शेजारच्या भागीबाईंचा सहादू कुवेतला वेल्डर आहे. त्याच्या मेल मीच त्यांना वाचून दाखवतो. तिकडे लढाई होणार असं टीव्हीवर ऐकल्यापासून त्या सकाळ-संध्याकाळ येतात आणि मी हात चोळत बसतो.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो छत्रीसारखा कलू देऊ नकोस.

तुझा,
गोरक्ष

नाशिक, ३ मार्च २००३

चि. गोरक्षस,
अनेक आशीर्वाद.

आकाशातून नेट उतरवणारा माझा भाऊ पोस्टमनच्या हाती पत्र पाठवतो, म्हणून तुझे दाजी हसत बसले. अंबडला त्यांच्या कारखान्यात अजून मोडेमच आहे. दहादा लावला की एकदा लागतो, पण लागतो. जुनं कनेक्शन पुन्हा सुरू करायचा फॉर्म ते भरतील. वेळ लागेल म्हणतात. तोवर मोडेम विकू नकोस.

भागीबाईंना मात्र काय अडलंय ते सरळ सांग. बाई शहाणी आहे, समजून घेईल.

जेवणाची आबाळ करू नकोस. उत्तर पाठव, हवं तर आकाशातून.

तुझी,
ताई

निफाड, २५ मार्च २००३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सरळ सांग म्हणाली होतीस. शेवटपर्यंत मला ते जमलं नाही.

गुरुवारी लढाई सुरू झाली. मध्ये दुरुस्त झालेली छत्री तेव्हा पुन्हा आठ दिवस बंद होती, एजंट फोन उचलत नव्हता. भागीबाई बाकावर येऊन बसल्या. माझ्या पोराचं काय हाय तेवढं बघ, म्हणाल्या. लागत नाही, हे सांगून सांगून मी थकलो होतो. रिकाम्या पडद्याकडे बघून मी वाचलं, की आई, मी खुशाल आहे, वेळेवर जेवतो, काळजी करू नको. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. जीव थाऱ्यावर आला म्हणून शनिवारी त्या बहिणीकडे चांदवडला गेल्या.

काल जुनं कनेक्शन सुरू झालं. सातव्या वेळेला मोडेम लागला. सहादूची मेल बुधवारची होती. कंपनी आम्हाला हलवतेय, कुठे ते माहीत नाही, रविवारी दहाला बूथवर फोन करतो, आईला तिथे बसवून ठेव, असं लिहिलं होतं. बूथवाले भिमाजी म्हणाले, फोन दोनदा आला, घराला कुलूप होतं.

आज त्या परतल्यावर सगळं सांगितलं. मग गुरुवारी कुणाचं वाचलं, असं त्यांनी विचारलं. कुणाचंच नाही, म्हणालो. त्या म्हणाल्या, खरं हाय ते वाच, तारखेपासून वाच. वाचलं. ऐकलं आणि उठून गेल्या.

नाशिकला येऊन मेल बघता आली असती, हे मला आज सुचतंय. सहादूला तीन मेल पाठवल्या. उत्तर नाही. दुसरं काय करू?

रागव, पण पत्र टाक.

गोरक्ष

नाशिक, १८ एप्रिल २००३

चि. गोरक्षस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी भागीबाई एकट्या एसटीने आल्या. अंबडला पत्ता विचारत विचारत घर गाठलं. पिशवीत सहादूच्या नव्या मेलचा, तू छापून दिलेला कागद होता. पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी वाच म्हणाल्या. मी वाचलं. तो सुखरूप आहे, दुसऱ्या गावी नेलंय, डावा हात भाजला होता तो भरत आलाय, दिवाळीपर्यंत सुट्टी नाही. ऐकता ऐकता त्या रडायला लागल्या.

गोरक्षनं काय वाचलं होतं, असं मी विचारलं. हेच, म्हणाल्या, अक्षर न् अक्षर हेच, भाजलेला हातसुद्धा. मग एवढ्या उन्हात इतक्या लांब का आलात, हे माझ्याच्याने विचारवलं नाही.

जेवू घातलं आणि दुपारच्या निफाड गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाल्या, पुढचा कागद आला की परत येते.

माझी माया होती तेवढीच आहे. जपून राहा.

तुझी,
ताई