बाळाचं पूर्ण नाव

मुसफ्फा, शुक्रवार

प्रिय यम्ना,

सलाम. आपल्या बाळाचा फोटो बघितला, नाक अगदी तुझं. अम्मीचा गुडघा कसा आहे? माझ्या हाताला चार टाके पडलेत, पण जेवता येतं, घाबरू नकोस.

आमच्या वर्कशॉपमध्ये सुदानचा इद्रिस आहे. तिकडच्या युद्धात त्याच्या बहिणीला पळवून विकलं होतं. आता त्यांच्या भागातली लढाई संपत आली, तशी ती सुटून घरी आली. इद्रिसने आनंदाने सगळ्यांना तिचा फोटो दाखवला. घोट्यावर साखळीचे वण होते. फोरमन हसून म्हणाला, "अब्द ती अब्दच." अब्द म्हणजे गुलाम.

इद्रिसने कापलेला पत्रा उचलला. मी तो घट्ट धरला, तेव्हाच माझा हात चिरला. फोरमन पुन्हा तेच बोलला. माझा हात पत्र्यावरून सुटला. फोरमनचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाटला. इद्रिसला पोलिसांनी नेलं.

बाळाला अब्बांचंच नाव ठेव, अब्दुल लतीफ. पण नुसतं 'अब्दुल' म्हणून कुणी हाक मारली तर खबरदार! पूर्ण नावात तो मेहरबान अल्लाहचा गुलाम; अर्ध्या नावात फक्त गुलाम उरतो.

उद्या पोलीस मला विचारणार, हात सुटला की सोडला. तुला म्हणून सांगतो, सोडला. अम्मीला सुटला असंच सांग.

तुम्हा तिघांचा,
उझैर