दोन डोळ्यांचा निळा

३ नोव्हेंबर
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्याची पट्टी काल निघाली. ओसरीची भिंत पांढरी आहे. इतके दिवस मी तिला पिवळट समजून यांच्या मागे लागले होते, चुना नीट मारून घ्या म्हणून. हे म्हणाले, ''चुना बराबरच होता. तुलेच दिसत नव्हता.'' हे स्वतः किती म्हातारे झालेत.
धूर, वाफ, वाकणं, सगळं बंद. रंगाच्या खोलीत अजून पाऊल टाकलं नाही. प्रदर्शनासाठीचं सातवं कापड चौकटीवर कोरंच ताणलेलं असेल.

७ नोव्हेंबर
गेले. रंगाच्या खोलीत जायला नको होतं.
भिंतीवर सहा कापडं. आमच्या कोंढा गावची बोडी, म्हणजे लहानसं तळं, सहा वेगळ्या संध्याकाळी. कोसा रेशमावर रंगवलेली, वाफ देऊन पक्की केलेली. पण ते पाणी नाहीच. कोणीतरी निळ्या शाईची दौत सांडलीय. कोशाचा स्वतःचा मधासारखा रंग, ज्याच्यासाठी मी दुसऱ्या रेशमाला हात लावत नाही, तो पार बुडून गेलाय.
मग उजवा डोळा हाताने झाकला. डाव्याने, मोतीबिंदूच्या डोळ्याने, पाहिलं. सगळं जागच्या जागी. संध्याकाळ, पाणी, पलीकडचा बांध. माझंच.
हात काढला. शी.

८ नोव्हेंबर
रेखा अंगणवाडीतून आल्या आल्या तिला धरलं. सून असली तरी खरं बोलणारी आहे. म्हटलं, एवढा भडक निळा, कोणी एका शब्दाने बोललं का नाही?
''आई, आमाले वाटलं तुमाले तसाच पायजे. नागपूरचे सर तं त्या निळ्यासाठीच येतेत ना जी.''
खरं आहे. माझं प्रदर्शन भरवणारे सर दर वेळी कापडापुढे उभे राहून तेच म्हणतात, ''मॅडम, हा तुमचा निळा!''
म्हणजे झालं असं. मला निळा दिसेनासा होत होता, म्हणून तो दिसेपर्यंत मी वाढवत गेले. लोकांनी त्याला शैली म्हटलं. मीही मान डोलावली. शाळेत जन्मभर पोरांना चित्रकला शिकवताना ओरडत होते, आधी बघा, मग काढा. आधी हसू आलं, मग रडू आलं.
कागद असता तर वर पांढरा फासता आला असता. रेशमावर तसली सोय नाही. रंग धाग्यात शिरतो आणि वाफ दिली की तिथेच राहतो.

१५ नोव्हेंबर
सकाळी बोडीवर. धान कापून झालंय, शेतातल्या बांध्या मोकळ्या. पाण्यात निळा आहे, नाही असं नाही. पण थोडा. जास्त हिरवा, शिंगाड्याच्या वेलांचा, आणि काठाशी मातकट. साधी बोडी आहे. मी तिच्यावर काय काय लादलं.
घरी येऊन पडून राहिले. जेवले नाही.

१९ नोव्हेंबर
सातवं सुरू केलं, नव्या डोळ्याने. डावी बाजू. मेणाची रेघ ओढली म्हणजे रंग तिच्यापलीकडे पळत नाही, तेवढं हाताला अजून आठवतं. निळा अगदी पातळ घेतला, खालचा कोसा दिसू दिला. ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकले, त्यांनी रंग ओढून पाण्यावर लाटा काढल्या. पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.
संध्याकाळी सरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन. ''छान आहे. पण मॅडम, हे तुमचं वाटत नाही. त्या सहांशेजारी हे दुसऱ्या कोणाचं दिसेल.''
हे बाजूला बसून ऐकत होते. ''त्याले म्हना, तूच ये अन् काढ.''
मला हसू आलं नाही. सरांचं चुकलेलं नाही.

२४ नोव्हेंबर
उजव्या डोळ्यावर कापूस, वर चिकटपट्टी. सातव्याचा उरलेला भाग डाव्या डोळ्याने. हात आपोआप चालला. लाज वाटली, पण थांबले नाही. इतकं सुख त्या पातळ निळ्यात नव्हतं.
डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख या आठवड्यात होती. सर्दी झाली म्हणून कळवलं. सर्दी नाही.

२९ नोव्हेंबर
यांनी पकडलं. डोळ्यावरची पट्टी पाहून दारातच थांबले.
''सर्दी डोळ्याले झाली काय?''
मी कुंचला खाली ठेवला.
''डॉक्टर काय म्हनले होते? पिकत आला हाय. फुटला तं डोळाच जाईन. कायले थांबून राहिली तू?''
म्हटलं, हा मोतीबिंदू काढला की ही चित्रं काढणारी बाई संपली.
''बाई तं घरातच राहीन. डोळा जाईन.''
मग चहा न घेता बाहेर निघून गेले. इतके रागावलेले कधी पाहिले नव्हते. घाबरलेत.

३ डिसेंबर
डाव्याने आता दिव्याभोवती कडी दिसतात. निळ्याची आणि काळ्याची बशी ओळखू येत नाही, रेखा हातात देते. आज मधला जोड. एकीकडे पातळ, दुसरीकडे दाट. डाव्याने पाहिलं तर पातळ बाजू धुऊन काढल्यासारखी, उजव्याने पाहिलं तर दाट बाजू जळल्यासारखी. दोन्ही उघडे ठेवले की डोकं धरतं.
शेवटी पातळ बाजूवरही दाट निळा चढवला. सगळीकडे. झालं एकदाचं.

८ डिसेंबर
यांनी मला न विचारता तारीख घेतली. उद्या सकाळी दवाखान्याची गाडी. भांडले नाही. डाव्या डोळ्यात आज ठणका आहे, तो यांना सांगितला नाही.

९ डिसेंबर
आंघोळ, फराळ झाला. पिशवी भरली.
रेखाने परसात चूल पेटवली, मोठ्या गंजात पाणी ठेवलं. ''आई, तुमी फक्त कापड कागदात गुंडाळून द्या. गंजावर बारदाना टाकीन, थेंब पडू देनार नाही. बाकी मी पायते.'' तिला सगळं येतं. चार दिवसांनी सर कापडं न्यायला माणूस पाठवणार आहेत.
उजव्या डोळ्याने पाहिलं, डाव्याने पाहिलं. डाव्याला हे सातांमधलं सर्वांत चांगलं वाटतं. उजव्याला बघवत नाही.
वाफ दिली नाही तर रंग कच्चा. साध्या पाण्याने निघून जाईल. दोन्ही डोळे उघडून परत येणारी बाई पहिलं काम तेच करेल, कापड बादलीत घालेल. मला तिची खात्री आहे. वाफ दिली तर तिला काहीही करता येणार नाही, आणि जन्मभर हे आपलंच म्हणून सांगावं लागेल. तिची दया येते. माझीही येते.
गाडी आली. हे पिशवी घेऊन दारात उभे आहेत, हाक मारत नाहीत. पाणी उकळतंय. रेखा कागद हातात धरून माझ्याकडे बघतेय.
कापड अजून चौकटीवर आहे.